केंद्रातली अडचण मिटायला किती दिवस लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जिल्ह्याच्या आरोग्यसेवेची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. मी डॉक्टर आहे, व्यवस्थापन कधी शिकलो नाही. इमारती आहेत, बरीचशी पदं भरलेली आहेत, औषधं येतात, देणगीदार संस्थांचे कार्यक्रमही चालू आहेत. तरी केंद्रात गेलं की कधी औषध नसतं, कधी माणूस नसतो. वरिष्ठ म्हणतात शिस्त लावा, सल्लागार म्हणतात संगणक प्रणाली आणा, काही जण म्हणतात केंद्रं सरळ एखाद्या संस्थेला चालवायला द्या. सुरुवात कुठून करू?"

या तिन्हींपैकी कशानेही करू नका. आधी एक साधी वही घ्या आणि तिच्यात चार रकाने आखा: कोणत्या केंद्राने काय अडचण सांगितली, कोणत्या तारखेला सांगितली, ती कोणाच्या टेबलावर अडली आणि कधी मिटली. दोन महिने ही वही स्वतःच्या हाताने भरा. सहायकाला सांगू नका.

ही वही मला उशिरा सुचली. पहिलं वर्ष मी परिपत्रकं काढण्यात घालवलं. भाषा चांगली होती, मुद्दे बरोबर होते आणि ती कोणी वाचत नव्हतं. मग एका केंद्रात संध्याकाळी गेलो असताना नर्सने प्रसूतीच्या खोलीतला दिवा दाखवला. बल्ब शाबूत होता, होल्डर जळाला होता. तिने तीन महिन्यांपूर्वी लेखी कळवलं होतं आणि नंतर दोनदा आठवण केली होती. मधल्या काळातल्या रात्रीच्या प्रसूती रुग्णाच्या नातेवाइकाने धरलेल्या मोबाइलच्या उजेडात झाल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं की दुरुस्तीचं काम दुसऱ्या खात्याकडे, त्यासाठी अंदाजपत्रक हवं, अंदाजपत्रकासाठी पाहणी हवी आणि पाहणीसाठी गाडी हवी. वायरमन मात्र माझ्याच कार्यालयाच्या तळमजल्यावर बसत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवा लागला.

त्या दिवसापासून मी व्यवस्थापन एकाच मापाने मोजतो: खालच्या केंद्राने सांगितलेली अडचण मिटायला किती दिवस लागतात. धोरण, रचना, तंत्रज्ञान, पैसा यांवर बोलायला हरकत नाही, पण ते सगळं शेवटी या दिवसांच्या आकड्यात उतरलं पाहिजे. पुढचं सगळं याच मापाने वाचा.

आता औषधं. इथे थोडा वेळ थांबतो, कारण लोकांचा विश्वास सर्वांत आधी इथेच जातो. केंद्रात औषध नसेल तर बाई दोन तास चालत दुसऱ्यांदा येत नाही.

औषध संपलं की आपण म्हणतो, वरून आलं नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मागणीपत्रकं नीट पाहिलीत तर निम्मा घोटाळा हिशेबात सापडेल. समजा एका केंद्रात महिन्याच्या सुरुवातीला जलसंजीवनीची ३६० पाकिटं होती आणि ती १८ दिवसांत संपली. पुढचे १२ दिवस शून्य. महिनाअखेरीस फार्मासिस्ट रजिस्टर पाहतो, "वाटप ३६०" दिसतं आणि तो पुढच्या महिन्यासाठी ३६० मागतो. खरी गरज काढायची तर वाटप साठा असलेल्या दिवसांनी भागायचं: ३६० भागिले १८ म्हणजे दिवसाला २०, म्हणजे महिन्याला ६००. मागणी गेली ३६० ची. वरच्या भांडाराने सवयीने दहा टक्के कापले तर आली ३२४. ती सोळा दिवसांत संपतात. पुढच्या महिन्यात मागणी ३२४ ची. असं करत करत केंद्राची गरज कागदावर आटत जाते, आणि वर्षअखेरीस आढाव्यात कोणीतरी म्हणतं, "या भागात जुलाबाचं प्रमाण कमी झालेलं दिसतं."

ही दुरुस्ती फुकटात होते. मागणीपत्रकात एक रकाना वाढवायचा: "साठा शून्य असलेले दिवस". मग त्यात राखीव साठा धरायचा. पुरवठा महिन्याने येतो आणि कधी पंधरवडाभर उशीर होतो, असा अनुभव असेल तर महिन्याच्या ६०० वर आणखी ३००, म्हणजे केंद्रात जास्तीत जास्त ९००. हातात जेवढी शिल्लक आहेत तेवढी वजा करून उरलेल्याची मागणी करायची. सगळ्याच औषधांसाठी हे सुरुवातीला जमणार नाही. ज्यांच्याशिवाय माणूस दगावतो अशा पंधरा-वीस गोष्टींपासून सुरू करा: ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, जलसंजीवनी, झिंक, अमॉक्सिसिलिन, जिथे हिवताप आहे तिथे त्याची तपासणी किट आणि गोळ्या, हातमोजे. मलमं आणि जीवनसत्त्वं नंतर पाहू.

दुसरी अडचण भीतीची. भांडारपालाच्या शेल्फवर मुदत संपलेली एक पेटी सापडली की लेखापरीक्षक त्याच्या पगारातून वसुली लावतो. औषध नसल्यामुळे कोणी मेलं तर त्याला कोणी विचारत नाही. मग शहाणा भांडारपाल काय करेल? साठा कमीच ठेवेल. एका भांडारात मी मुदतीला सात आठवडे उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या पेट्या पाहिल्या, आणि त्याच दिवशी त्याच जिल्ह्यातल्या चार केंद्रांत ते औषध नव्हतं. पेट्या बाहेर काढायच्या तर वाटपाचा आदेश लागत होता आणि आदेशाची फाईल रजेवर गेलेल्या माणसाच्या कपाटात होती. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. दोन केंद्रांनी आपसात औषधाची अदलाबदल करायची लेखी मुभा मात्र क्वचितच कोणी देतं. ती द्या. नोंद दोन्ही रजिस्टरांत, सही दोघांची, तुम्हाला प्रत. पुरे आहे.

झांबियात २००९-१० च्या सुमारास एक उपयोगी प्रयोग झाला. काही जिल्ह्यांत औषधपुरवठ्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. दोन्हींत जिल्ह्याला साठ्याचं नियोजन करणारा एक माणूस दिला. पहिल्या पद्धतीत जिल्ह्याचं भांडार साठा ठेवत होतं आणि केंद्रांना वाटत होतं. दुसरीत जिल्हा साठा ठेवतच नव्हता. केंद्राची मागणी मध्यवर्ती भांडाराकडे जायची, तिथे केंद्राच्या नावाने खोकी बांधली जायची आणि जिल्ह्याने ती फक्त पुढे पोचवायची. दुसऱ्या पद्धतीत औषधं संपण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त घटलं आणि पुढचा विस्तार तिच्यावरच बेतला गेला. मधलं शेल्फ जितकी सोय करतं तितकीच अडवणूकही करतं, हे माझ्यासारख्या जिल्ह्याच्या माणसाला पचायला जड गेलं. तुमच्याकडे मध्यवर्ती भांडाराची खोकी बांधण्याची तयारी नसेल तर हे उचलून आणू नका, पण आपल्या साखळीत किती शेल्फं आहेत ते मोजून ठेवा.

आता केंद्राच्या भेटीबद्दल. पर्यवेक्षणाच्या नावाखाली जे चालतं ते बहुतेक ठिकाणी असं असतं: गाडी येते, साहेब खुर्चीत बसतात, तपासणी यादीवर खुणा करतात, दोन चुका काढतात, भेटपुस्तकात "सुधारणा करावी" असं लिहितात आणि जातात. पुढचा माणूस आधीच्याने काय लिहिलं ते वाचतसुद्धा नाही. मी भेटपुस्तक उघडून मागच्या भेटीतली सूचना वाचतो आणि तिच्यात *आमच्या* कार्यालयाने करायचं काय होतं ते आधी विचारतो. एवढ्याने सूर बदलतो.

एका लसीच्या फ्रिजची गोष्ट सांगतो. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, तापमान सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर लिहायचं. मी पाहिलेला तक्ता चकचकीत होता. महिनाभर सकाळी ४, संध्याकाळी ४, एकाच पेनाने, एकाच वळणात. संध्याकाळ व्हायची होती, पण संध्याकाळचा ४ लिहून तयार होता. थर्मामीटरची बॅटरी संपलेली. मी चिडण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात नर्स शांतपणे म्हणाली, "गेल्या वर्षी ११ लिहिलं होतं, साहेब. कारणे दाखवा नोटीस आली. फ्रिज दुरुस्त करायला कोणी आलं नाही."

यावर मला उत्तर नव्हतं. खरा आकडा लिहिणाऱ्याला शिक्षा झाली की त्या जिल्ह्यातला प्रत्येक आकडा हळूहळू ४ होतो. तुम्ही शिस्तीचं विचारलंत, म्हणून हे सांगितलं. शिस्त हवीच. चोरी करणाऱ्याला, रुग्णाकडून पैसे उकळणाऱ्याला, दारू पिऊन येणाऱ्याला मी सोडलेलं नाही. पण वाईट बातमी कळवणाऱ्याला हात लावायचा नाही, हे आधी जाहीर करा आणि पहिल्याच प्रसंगी पाळून दाखवा.

जाता जाता: तापमान वर गेल्याची भीती सगळ्यांना असते, खाली गेल्याची नसते. हिपॅटायटिस बी, धनुर्वात किंवा पाच आजारांवरची पंचगुणी लस गोठली की ती निकामी होते आणि कुपीवरचं निरीक्षक चिन्ह ते दाखवत नाही. ते चिन्ह फक्त उष्णता सांगतं. ताकीद मिळालेली माणसं फ्रिज जास्त गार करून ठेवतात आणि लस गोठवून बसतात. गोठल्याची शंका आली तर कुपी हलवून पाहण्याची चाचणी असते. ती प्रत्येक केंद्रात एकदा स्वतः करून दाखवा.

दिवा लागल्यानंतर काही दिवसांनी तिथल्या नर्सने आपणहून फोन केला. ऑक्सिटोसिनच्या कुप्या कपाटात ठेवाव्या लागतात, म्हणाली, कारण लसीच्या फ्रिजमध्ये लसीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही असा आदेश आहे. ऑक्सिटोसिनलाही दोन ते आठ अंशच लागतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं एक प्रमुख कारण, त्यावरचं पहिलं औषध हे, आणि ते आम्ही उन्हाळाभर कपाटात शिजवत होतो. कारण लसीकरणाचा विभाग वेगळा, माता आरोग्याचा विभाग वेगळा, आणि फ्रिज एकाच्या मालकीचा. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) यांनी २०१९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितलं की वेगळी सोय नसेल तिथे ऑक्सिटोसिन लसीच्या शीतसाखळीत ठेवावं. आम्ही फ्रिजमध्ये वेगळा, ठळक खूण केलेला डबा ठेवला. खर्च डब्याचा. पण ही अडचण तिने पूर्वी कोणालाच सांगितली नव्हती, कारण सांगून काही होतं असा तिचा अनुभव नव्हता.

माणसांकडे येऊ. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या पाच देशांतल्या सरकारी आरोग्य केंद्रांना न सांगता भेटी दिल्या गेल्या. सरासरी ३५ टक्के कर्मचारी जागेवर नव्हते. हा आकडा ऐकला की प्रत्येकाला हजेरीचं यंत्र आठवतं. तेही करून झालं आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात नर्सच्या हजेरीवर वेळ छापणारी यंत्रं लावली आणि गैरहजेरीला पगारकपात जोडली. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. पण आरोग्य प्रशासनाने हळूहळू सवलतीचे दिवस मंजूर करायला सुरुवात केली आणि सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. यंत्र चालूच होतं. वरच्या माणसांनाच ते चालायला नको होतं.

यंत्राआधी एक काम करा. एका नर्सचं महिन्याचं कॅलेंडर घ्या आणि तिला आपण स्वतः किती दिवस केंद्राबाहेर काढतो ते मोजा. मी मोजलं तेव्हा मासिक बैठक, दुसऱ्या कार्यक्रमाची वेगळी बैठक, अहवाल द्यायला एक दिवस, औषधं आणायला एक दिवस, पगाराच्या कामासाठी एक दिवस आणि पाच दिवसांचं प्रशिक्षण धरून दहा दिवस झाले. कामाचे दिवस होते चोवीस. गैरहजेरीचा मोठा हिस्सा आमच्याच सह्यांनी चालला होता. प्रशिक्षणाचं तर विचारूच नका. देणगीदाराच्या कार्यशाळेचा भत्ता पगाराच्या तुलनेत इतका असतो की एकच माणूस एकाच विषयावर तीनदा प्रशिक्षित होतो आणि ज्याला गरज आहे तो केंद्र सांभाळत बसतो. आम्ही वर्षाचं एकच प्रशिक्षण कॅलेंडर केलं आणि प्रत्येक नावापुढे मागचं प्रशिक्षण कधी झालं ते लिहिलं. दोन संस्था नाराज झाल्या. बैठक, अहवाल आणि औषधांची उचल एकाच दिवशी आणली. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज लागली नाही.

दुर्गम भागात माणूस टिकवायला मात्र जिल्हा पुरा पडत नाही, तिथे देशाचा निर्णय लागतो. थायलंडने वैद्यकीय पदवीधरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८० च्या दशकात त्यांनी शहरी रुग्णालयांची नवी बांधकामं रोखून पैसा तालुक्यांच्या छोट्या रुग्णालयांकडे वळवला. डॉक्टरला तिथे राहायला घर आणि काम करायला शस्त्रक्रियागृह मिळालं. २००१-०२ मध्ये ३० बाथमध्ये उपचाराची प्रसिद्ध योजना आली, तेव्हा लोक जाणार कुठे याचं उत्तर आधीच उभं होतं. इथिओपियाने २००३ पासून आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू केला आणि प्रत्येक केबेलेत, म्हणजे साधारण पाच हजार वस्तीला, दोन पगारी स्त्रिया नेमल्या. तीस हजारांहून अधिक. यातला "पगारी" हा शब्द महत्त्वाचा आहे. गरीब बाईकडून स्वयंसेवेच्या नावाखाली रोज आठ तास काम करून घेणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत, आणि दोन वर्षांनी तिथल्या बायका कुठे गेल्या असं आश्चर्याने विचारणारे अधिकारीही.

कामगिरीवर पैसे देण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी तुमच्याकडे हा प्रस्ताव घेऊन येईलच. रवांडाने २००६ पासून तो देशभर नेला. अभ्यासात केंद्रांतल्या प्रसूती वाढल्या, लहान मुलांच्या तपासण्या वाढल्या. गर्भवतींच्या चार तपासण्या पूर्ण होण्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही. प्रसूतीला पैसे बऱ्यापैकी होते, तपासणीला कमी, शिवाय चौथ्यांदा येणं बाईच्या हातात असतं, नर्सच्या नाही. ज्याला पैसे लावाल ते वाढेल, ज्याला लावणार नाही त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि मोजणी पडताळायला स्वतंत्र माणसं लागतात, तो खर्च आधी धरा.

आकड्यांबद्दल. तुमच्या जिल्ह्याचं लसीकरण १०४ टक्के आहे असं कोणी दाखवलं तर हसू नका. छेदस्थानी जुन्या जनगणनेवरून काढलेली बालकांची संख्या असते, ती चुकीची निघते. छेद न लागणारा आकडा वापरा. पंचगुणीचा पहिला डोस किती बाळांना, तिसरा किती. एका केंद्रात वर्षात पहिला ४१२ आणि तिसरा ३२९ असेल तर ८३ बाळं मधे गळाली, म्हणजे वीस टक्के. दहाच्या वर गेलं की विचारायला सुरुवात करायची. ही ८३ बाळं एकदा आरोग्यसेवेपर्यंत आली होती, त्यांच्या आया लसीला घाबरणाऱ्या नव्हत्या. मग परत का आल्या नाहीत? त्या दिवशी लस नव्हती? सत्र रद्द झालं? दहा बाळं जमल्याशिवाय कुपी फोडायची नाही म्हणून परत पाठवलं? नर्स ओरडली? रजिस्टरमधून दहा नावं काढा आणि त्या घरी जा. दहा घरांत दोन दिवस जातात, पण तेवढं कुठल्याही अहवालातून कळत नाही.

संगणक प्रणाली वाईट नाही. डीएचआयएस-टू ही आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी प्रणाली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९० च्या दशकात झालेल्या कामातून वाढली. ऑस्लो विद्यापीठ ती सांभाळतं, ती मोफत आहे आणि कितीतरी देश ती वापरतात. पण नर्स आधीच डझनभर रजिस्टरं भरत असेल तर पडद्यावरचं तेरावं तिच्या गळ्यात मारू नका. एखादं रजिस्टर बंद करता येत असेल तरच नवं सुरू करा. आणि प्रत्येक भेटीत एकच आकडा घेऊन मूळ रजिस्टरमधून पुन्हा मोजा, उदाहरणार्थ गेल्या महिन्यातल्या प्रसूती. अहवालात ३१, रजिस्टरमध्ये २६ असं निघालं तर पाचांचा शोध नर्सबरोबर बसून घ्या. असं तीन-चारदा झालं की अहवाल आपोआप सुधारतात.

पैशाचं दुखणं दोन प्रकारचं असतं: कमी असणं आणि न पोचणं. २००१ मध्ये आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी अबुजा इथे अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के हिस्सा आरोग्याला देण्याचं ठरवलं आणि बहुतेक देश त्याच्या जवळपासही गेले नाहीत. पहिल्या प्रकाराबाबत तुमच्या हातात फार काही नाही. दुसऱ्याची कल्पना यावी म्हणून चाडचं उदाहरण: तिथे पैशाचा मागोवा घेणाऱ्या पाहणीत आढळलं की आरोग्य मंत्रालयाच्या पगाराव्यतिरिक्तच्या चालू खर्चातला एक टक्काही केंद्रांपर्यंत पोचत नव्हता. युगांडाने २००१ मध्ये सरकारी केंद्रांतलं शुल्क रद्द केलं. गरीब लोक मोठ्या संख्येने येऊ लागले, म्हणजे निर्णय योग्यच होता. पण त्या शुल्कातून केंद्रं सफाई, रॉकेल, छोटी दुरुस्ती भागवत होती, तो हातचा पैसा गेला आणि गर्दीने औषधं लवकर संपू लागली. शुल्क काढताना केंद्राच्या हातात तेवढीच रोकड दुसऱ्या वाटेने द्यावी लागते. होल्डरसारख्या गोष्टींसाठी तर नक्कीच.

आणि आहे तो पैसा आजारांच्या प्रमाणात खर्च होतो का? टांझानियात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोरोगोरो आणि रुफिजी या दोन ग्रामीण जिल्ह्यांत हे तपासलं. घरोघरीच्या नोंदींतून लोक कशाने मरतात ते काढलं आणि अंदाजपत्रकाशेजारी ठेवलं. हिवताप आणि बालकांच्या नेहमीच्या आजारांना त्यांच्या ओझ्याच्या मानाने फार कमी पैसा जात होता. जिल्ह्यांना दरडोई दोन डॉलरपर्यंत जादा देऊ केले होते, प्रत्यक्षात ते सुमारे ८० सेंटच वापरू शकले. तेवढ्यात औषधं, प्रशिक्षण, मच्छरदाण्या आणि केंद्रांना वेळेवर भेटी अशी कामं झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले बालमृत्यू चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय या प्रकल्पालाच द्यावं असं मी म्हणणार नाही. पण त्या जिल्ह्यांच्या व्यवस्थापकांनी दोन तक्ते शेजारी ठेवले होते, ते तुम्हीही एका दुपारी करू शकता.

संस्थांना केंद्रं चालवायला देण्याचं म्हणाल तर कंबोडियाने १९९९ पासून काही जिल्ह्यांत हे करून पाहिलं. करार दिलेल्या जिल्ह्यांत सेवा वाढल्या. तिथे खर्चही जास्त होत होता आणि कराराचं मोजमापही काटेकोर होतं. अफगाणिस्तानात २००२ नंतर शासनाकडे यंत्रणाच उरली नव्हती, तिथे स्वयंसेवी संस्थांशी करार हाच रस्ता होता. पण करार द्यायचा तर काय मोजायचं, कोणी मोजायचं, पैसे वेळेवर कसे द्यायचे हे शासनाला यावंच लागतं. जो जिल्हा होल्डर बदलायला तीन महिने लावतो तो संस्थेचं बिल किती दिवसांत काढेल?

लोकांच्या समित्यांबद्दलही उत्साह आवरता ठेवा. युगांडात पन्नास केंद्रांपैकी निम्म्यांच्या परिसरात लोकांना आपल्या केंद्राची माहिती देऊन कर्मचाऱ्यांशी समोरासमोर बसवलं, तर वर्षभरात केंद्राचा वापर वाढला आणि बालमृत्यू तिसऱ्या हिश्शाने घटल्याचं दिसलं. पुढे त्याच देशात तशाच धर्तीचा प्रयोग बराच मोठा करून पाहिला तेव्हा मृत्यूंत तशी घट दिसली नाही. मी समित्या ठेवतो, कारण नर्स सांगणार नाही ते त्या सांगतात: केंद्र किती वाजता बंद होतं, कोण पैसे मागतं. त्यांच्या तक्रारीही त्याच वहीत जातात.

तर पहिले तीन महिने. पहिल्या महिन्यात सहा केंद्रं निवडा, दोन चांगली, दोन मधली, दोन वाईट, आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण दिवस घालवा. बाह्यरुग्णाच्या रांगेत बसा, औषधखोलीत उभं राहा, शक्य असेल तर एक रात्र राहा. दुसऱ्या महिन्यात वहीतल्या ज्या अडचणी तुमच्या सहीने मिटतात तेवढ्याच मिटवा आणि मिटल्यावर सांगणाऱ्याला स्वतः फोन करा. जी मिटणार नाही तिचंही कळवा, का ते सांगून. तिसऱ्या महिन्यात मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास कार्यक्रमांच्या टक्केवारीऐवजी या वहीला द्या.

मग तिसऱ्या रकान्यात कोणाच्या टेबलाचं नाव सर्वांत जास्त वेळा येतं ते मोजा. माझ्या पहिल्या वहीत ते माझंच होतं. मी दौऱ्यावर असलो की फायली थांबत, आणि मी महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असे. त्यानंतर ठरावीक रकमेपर्यंतच्या दुरुस्त्या आणि औषधांच्या अदलाबदलीचे अधिकार मी उपअधिकाऱ्याला आणि केंद्रप्रमुखांना लेखी देऊन टाकले. पहिल्या वर्षी दोन केंद्रांनी त्यातून पडदे आणि खुर्च्या घेतल्या. मी त्यांना काही बोललो नाही.